गंमत छापा, पण खाली खरं काय तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘पुस्तक छापून आणण्याचे हमखास उपाय’ हा उलट्या सल्ल्यांचा गमतीचा लेख वाचला. हस्तलिखितासोबत आईचा अभिप्राय जोडा, इथपर्यंत मलाही हसू आलं. पण ‘मधली दोन पानं डिंकाने चिकटवा, संपादक वाचतो की नाही ते कळेल’ इथे मी थांबले.

एकवीस वर्षं मी प्रकाशनसंस्थेत हस्तलिखितं वाचली. एका कादंबरीची ११२ आणि ११३ ही पानं अशीच चिकटलेली होती. कोपऱ्यात मुगाएवढा डिंकाचा ठिपका. पट्टी घालून सावकाश सोडवली, तरी खालच्या पानावरचे दोन शब्द निघून वरच्या पानाच्या पाठीला उलटे चिकटले. कादंबरी नाकारली गेली, ती डिंकामुळे नव्हे. लेखकाचा फोन आला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, ‘पान सुटलेलं होतं का?’ बावीस वर्षांचा मुलगा. कुठल्याशा गमतीच्या लेखातला सल्ला त्याने खरा धरला होता. कादंबरीत काय कमी पडलं, हे त्याने विचारलंच नाही. मला ते सांगायचं होतं. शेवट फार घाईत उरकला होता.

ज्याला रीत माहीत आहे त्यालाच ती मोडलेली पाहून हसू येतं. नवख्याला रीत सांगणारं कोणी नसतं. ‘कॉपीराइट नोंदवल्याशिवाय कोणाला ओळही दाखवू नका’ हे वाचून तो घाबरतो. लेखनाच्या हक्कांविषयीचा १८८६ चा आंतरराष्ट्रीय बर्न करार मानणाऱ्या देशांत लिहिणाऱ्याचा हक्क नोंदणीवर अवलंबून नसतो. आयएसबीएन ही तर पुस्तकाची ओळख पटवणारी संख्या, २००७ पासून तेरा अंकी. तिने ना हक्क मिळतो, ना दर्जा ठरतो.

सगळ्यांत घातक वाटला तो ‘पैसे मागणारा प्रकाशकच तुमच्यावर खरा विश्वास ठेवतो’ हा सल्ला. अहो, नेहमीच्या करारात खर्च प्रकाशक करतो आणि मानधन लेखकाला मिळतं. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही, पण प्रती किती, विक्री कोण करणार, हक्क कोणाकडे राहणार, हे आधी कागदावर घ्यावं. पैसे देऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली असतात.

पुढच्या वेळी असा मजकूर छापाल तेव्हा त्याखाली खरी रीत चार ओळींत द्यावी, ही विनंती. त्या ओळी मी लिहून देईन.

आपली,
एक निवृत्त ग्रंथसंपादक