दारणेची परवानगी आणि पाण्याचा घोर

नाशिकरोड, रविवार

प्रिय दिल्या,

पत्राला उशीर झाला, शिव्या भेटल्यावर घाल. दारणा नदीतून आपल्या हवेच्या बोटीने जायची परवानगी मिळाली रे! दोन दिवस, एक मुक्काम, आठ माणसं, प्रत्येकाला लाइफ जॅकेट. काठावर जाळ करायचा नाही, म्हणजे पम्याची शेकोटी बाद, स्टोव्ह चालेल. मळ्याचे मालक हो म्हणालेत, पोलीस पाटलांना भेटायचं बाकी आहे.

घोर एकच, पाण्याचा. परवानगी तारखेवर, नदी आवर्तनावर, म्हणजे धरणातून पाळीने शेतीसाठी सोडतात त्या पाण्यावर. दारणा धरणातून पाणी सुटलं नाही तर बंधाऱ्यांमागे डोह आणि मधे उघडे खडक, बोट आपल्यालाच वाहावी लागेल. सुटलं, तर बंधाऱ्यांवरून पाणी. या दिवसांत कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पाणी अडवायला फळ्या घातलेल्या असतात. वरून येताना नुसती सपाट रेघ दिसते, पण खाली पडलेलं पाणी उलटं बंधाऱ्याकडेच फिरतं आणि बोट, माणूस, दोघांना धरून ठेवतं. जॅकेट असलं तरी. म्हणून बंधारा कितीही बुटका दिसो, शंभरेक मीटर आधी काठ धरायचा, सामान उतरवायचं, बोट खांद्यावर. तुझं ‘उडवू रे’ इथे चालणार नाही! आदल्या दिवशी गाडीने फिरून प्रत्येक ठिकाणी उतरायची बाजू ठरवू.

आणि बोट दगडासारखी फुगवू नकोस, यावर आपलं भांडण आहेच. पाण्यात ती गार राहते. दुपारी काठावर ओढली की आतली हवा तापते आणि जोड सुटतात. ओढल्या ओढल्या प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडायची, निघताना पुन्हा भरायची.

रात्री पाण्याच्या कडेला काठी खोचू. वरून विसर्ग वाढवला तर काठीवरून कळतं. बोट चांगली वर ओढून झाडाला बांधायची. तंबू उसापासून लांब, मोकळ्यावर; दारणाकाठी बिबट्या आहे, अंधारात एकट्याने कुठे जायचं नाही. संडासाला झाकणाची बादली आणि लाकडाचा भुसा, सगळं परत आणायचं. प्यायचं पाणी माणशी रोज चार लिटर, घरूनच. नदीचं फक्त भांडी विसळायला, तेही काठापासून दूर.

वहिनींची बदली झाली का? काकूंचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे बरे, माझं बीपी गोळीवर.

आवर्तनाची तारीख कळली की फोन करतो, रजा टाकायची घाई नको. पंप शोधून ठेव, व्हॉल्व्हला बसणाऱ्या तोंडासकट. नुसता पंप आणलास तर फुंकायला तुलाच बसवीन.

तुझा,
नंदू