तीन हजार मीटरच्या वर आणि खाली

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. तू विचारलंस, समुद्रात ना वेस ना कुंपण, मग एकाच जातीच्या प्राण्यांत फाटाफूट होते कशी? या प्रश्नाने मला वेड लावलंय, तेव्हा पत्र लांबलं तर वाचून काढ.

अटलांटिकच्या तळच्या गाळात डेमिन्युक्युला अ‍ॅटासेलाना नावाचा शिंपला राहतो, अवघा काही मिलिमीटरचा. त्याचे जुने नमुने फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेले होते. फॉर्मॅलिन म्हणजे डीएनएचा शत्रूच. तुकडे तुकडे करून टाकतं. तरीही रॉन एटर, मायकेल रेक्स या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने त्यातून मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघरांच्या) डीएनएचा लहानसा तुकडा मिळवला आणि ठिकठिकाणचे शिंपले ताडून पाहिले. एकाच खोलीवरचे शिंपले हजारो किलोमीटर लांब असले तरी बरेचसे सारखे. पण समुद्रतळाच्या एकाच खोऱ्यात उतारावर वरखाली राहणारे मात्र कितीतरी वेगळे! सुमारे ३००० मीटरच्या वरचे एका वळणाचे, खालचे दुसऱ्या.

असं का व्हावं? दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण आपल्या डोक्यावरच्या हवेच्या दाबाइतका वाढतो, म्हणजे ३००० मीटरवर त्याच्या तीनशेपटीच्या आसपास. एवढ्या दाबाखाली प्रथिनांच्या घड्या बिघडतात, पेशींची पटलं ताठरतात. वरच्या दाबाला सरावलेली शिंपल्याची अळी खाली पोचली तरी तगेलच असं नाही. शिवाय उतारावर थोडं उतरलं की तापमान आणि अन्न दोन्ही बदलतात. पार तळाच्या सपाटीवर मात्र सगळं बरंचसं एकसारखं, म्हणून तिथे फरकही कमी.

राउंडनोज ग्रेनेडियर या खोल समुद्रातल्या माशाची गोष्ट मला याहून विलक्षण वाटते. २०१८ साली त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या खोलीवरच्या माशांत प्रथिनं बदलणारे काही जनुकीय फरक स्पष्ट दिसले, आणि आडव्या अंतराचा त्यांच्याशी संबंध नव्हता. बाकीच्या जीनोममध्ये मात्र असे दोन तट दिसत नाहीत. संशोधकांचं म्हणणं असं की हे मासे वेगळे वाढत नाहीत. प्रौढ होताना ज्याच्या त्याच्या जनुकांप्रमाणे खोली धरतात. म्हणजे शिंपल्यात वंशच दुभंगलाय, माशात एकाच वंशातली भावंडं वेगवेगळ्या मजल्यांवर राहायला गेलीत.

आणि इथेच माझा जीव तुटतो. हा मासा पन्नास वर्षांहून जास्त जगतो, प्रौढ व्हायलाच त्याला बरीच वर्षं लागतात. ट्रॉलरचं (जाळं ओढत नेणाऱ्या मासेमारी बोटीचं) जाळं ठरावीक खोलीवरच ओढलं तर त्या खोलीला साजेसे जनुकच उपसले जातात, आणि एकूण साठ्याच्या आकड्यात ते उमटतही नाही. युरोपीय संघाने २०१६ च्या कायद्याने आपल्या पाण्यात ८०० मीटरखाली तळ खरवडणारी ट्रॉलिंग बंद केली, हे फार चांगलं झालं. पण मासेमारीची क्षेत्रं अजून बहुतांशी अक्षांश-रेखांशांवर आखली जातात. त्या हिशेबात खोलीचा रकाना हवाच, असं माझं ठाम मत आहे. तुला काय वाटतं, सविस्तर लिही.

तुझा,
अनिरुद्ध