यॉर्कशायर पुडिंग सोड्याने फुगत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या पुरवणीत मोठ्या यॉर्कशायर पुडिंगची, म्हणजे भाजलेल्या मांसाबरोबर खायच्या बिनगोड इंग्लिश पदार्थाची, कृती आली. तीत बेकिंग पावडर घालून १८० अंशांवर भाजायला सांगितले आहे. तसे केल्यास हाती येईल ते जाडजूड धिरडे. हा पदार्थ निव्वळ वाफेवर फुगतो. पातळ पीठ कडकडीत तेलात पडले की त्यातल्या पाण्याची झटकन वाफ होते आणि अंडी-मैद्याचे आवरण ती कोंडून धरत वर चढते. उष्णता कमी पडली तर पावडर काही वाचवत नाही.

प्रमाण सोपे आहे. फोडलेली अंडी, मैदा, दूध, तिन्ही एकाच मापाने सारखी. पंचवीस सेंटिमीटर व्यासाच्या भांड्याला प्रत्येकी २०० मिली पुरते. अंडी मोजून नव्हे, मापात भरून घ्यावीत. आपल्याकडची लहान असतात, चाराऐवजी पाचही लागतात. आपले म्हशीचे दूध दाट, म्हणून त्यात पाव भाग पाणी मिसळावे. स्निग्धांश जास्त झाला की पुडिंग जड बसते. चिमूटभर मीठ, साखर अजिबात नाही. गुठळ्या मोडून पीठ किमान अर्धा तास झाकून ठेवावे. फ्रिजमध्ये ठेवले असेल तर आधी बाहेर काढावे, गार पिठाने तापलेले तेल थंड पडते.

इंग्लंडमध्ये यासाठी गोमांस भाजताना गळलेली चरबी वापरतात. पूर्वी शेगडीवर फिरणाऱ्या मांसाखालीच हे भांडे ठेवत. इथे रिफाइंड शेंगतेल उत्तम. घाण्याचे तेल लवकर धुरावते, लोणी तर करपतेच. बोकडाची चरबी चालते, पण गार होताच थिजून टाळूला चिकटते.

भांडे बिडाचे किंवा जाड लोखंडी हवे. केकचा पातळ ॲल्युमिनियमचा डबा पीठ पडताच निवतो. ओटीजी (घरगुती विजेची भट्टी) २३० अंशांवर, वरखाली दोन्ही कॉइल सुरू. भांडे खालच्या खाचेत ठेवावे आणि वर निदान बारा सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी, नाहीतर फुगलेली कड कॉइलला टेकून काळी होते. तीन चमचे तेल भांड्यातच दहा-बारा मिनिटे तापवावे. पीठ एका दमात मधोमध ओतावे. चर्र आवाज आला नाही तर तेल कमी तापले आहे. पिठाचा थर एक सेंटिमीटर पुरे. जाड थरात मध्यभाग कच्चा राहतो.

वीस मिनिटे दार उघडू नये. मग १९० वर आणून आणखी दहा-पंधरा मिनिटे. ही शेवटची मिनिटेच बहुतेक जण वाचवतात. भिंती वरून तांबूस दिसतात, आतून ओल्याच असतात आणि बाहेर काढताच बसतात. मोठ्या पुडिंगचा मध्य खोलगट राहतो, तो दोष नव्हे. भाजलेले मांस आणि ग्रेव्ही तिथेच घालायची असते. याहून मोठे करायचे तर घरचा ओटीजी सोडून दिवाळीत नानकटाई नेतो तशी बेकरीची भट्टी गाठावी.

पुडिंगच्या खोलगट भागात पांढरा रस्सा ओतायची कल्पना कोल्हापुरात कोणाला तरी सुचणारच. खुशाल ओतावा, पण ताटात वाढल्यावर. आधी ओतल्यास तळ लगेच भिजतो. उरलेले पुडिंग २०० अंशांवर पाच मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होते. मायक्रोवेव्हमध्ये मात्र चामट होते.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर