मनोविकारावरील औषधे आणि मुलांचे वाढते वजन

संपादक महोदय,

सायकोसिस (वास्तवाचे भान सुटणे), तीव्र चिडचिड किंवा स्वमग्नतेतील आक्रमकता यांसाठी मुलांना दिल्या जाणाऱ्या अँटीसायकोटिक औषधांनी अनेक घरांना दिलासा मिळतो, हे निर्विवाद आहे. मात्र त्यांमुळे वजन किती वेगाने वाढते, याची पुरेशी कल्पना पालकांना क्वचितच दिली जाते. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ही औषधे प्रथमच घेणाऱ्या मुलांचे वजन सुमारे ११ आठवड्यांत ओलान्झापिनने सरासरी ८.५ किलो, रिस्पेरिडोनने ५.३ किलो, तर अरिपिप्राझोलने ४.४ किलो वाढल्याचे आढळले; औषध न घेणाऱ्यांची वाढ जेमतेम ०.२ किलो होती.

पोटभर जेवून अर्ध्या तासात पुन्हा खायला मागणारे मूल हावरट नसते. भूक आणि तृप्ती यांचे मेंदूतील नियंत्रणच औषधाने बदललेले असते. अशा मुलाला रागावणे किंवा इतरांसमोर चिडवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मानेवरची त्वचा काळवंडून जाड होऊ लागली, तर तो मळ समजून घासत बसू नये. ते इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याचे लक्षण असू शकते.

घाबरून औषध परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे आहे, कारण आजार उलटू शकतो. औषध सुरू करण्यापूर्वी वजन, उंची, रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांची नोंद व्हावी, चौथ्या, आठव्या व बाराव्या आठवड्यात वजन पुन्हा पाहिले जावे आणि ते झपाट्याने वाढत असल्यास मात्रा, पर्यायी औषध किंवा मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाची जोड यांविषयी डॉक्टरांनी स्वतःहून पालकांशी बोलावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक