गोळीआधीची अकरा मिनिटं

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. इंदूरच्या राजेंद्रनगरात भल्या पहाटे स्कूटरवरून रक्ताचे नमुने घ्यायला येता, एवढी ओळख पुरे.

ह्यांचं हृदय बदलून वर्ष झालं. चेन्नईचे सर्जन आणि आपलं माणूस गेलेलं असताना हृदय देणारं ते घर, ह्यांच्याबद्दल मला धड बोलताच येत नाही, लिहायचं तर लांबच. तुम्हाला मात्र लिहायचंच होतं, त्या अकरा मिनिटांबद्दल.

तुमच्या आधी आम्ही एका मोठ्या, एसीवाल्या लॅबमध्ये जायचो. शरीरानं नवं हृदय नाकारू नये म्हणून ह्यांना टॅक्रोलिमसची गोळी असते. रक्तातली तिची पातळी बघायची तर रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर, सकाळची गोळी पोटात जायच्या आत रक्त द्यायचं. चेन्नईच्या सिस्टरनं हे माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. पण लॅबचं शटर वर जायचं नऊला, आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली, "गोली खाके आ जाइए आंटी. खून तो खून है, सात बजे का हो या दस बजे का." मलाही वाटलं, एवढे शिक्के मारतात म्हणजे कळत असेल ह्यांना. गोळी देऊन नेलं, आकडा चढा आला. डॉक्टरांनी तो खरा धरून गोळी कमी केली. तीन आठवड्यांत ह्यांचे पाय सुजले, जिन्यात दम लागायला लागला. दुखलं मात्र काहीच नाही. बसवलेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात ना, ते बिचारं कळ तरी कुठून देणार! पुन्हा चेन्नई, मानेच्या शिरेतून बायोप्सी, रिजेक्शन, म्हणजे शरीर नवं हृदय नाकारायला लागलेलं, तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड. परत येऊन लॅबला विचारलं, तर म्हणे आमचं मशीन बरोबर आहे. मशीनला नावं ठेवली होती कोणी?

मग तुम्ही आलात. बेल वाजवली नाहीत, खालूनच फोन केलात, "अंकल सो रहे होंगे" म्हणून. मास्क लावला, न सांगता हात धुतले आणि पहिलं काय विचारलंत, तर "कल रात की गोली कितने बजे?" मी सात म्हणाले. मग आठवलं, पाहुणे होते, सात वाजून पाच मिनिटं झाली होती. हे सांगताना माझे हातपाय गार पडले. भिंतीवरच्या घड्याळात सहा चोपन्न झाले होते. तुम्ही काढलेली सुई परत ठेवलीत, स्टूल ओढलंत आणि म्हणालात, "ग्यारह मिनट ही तो हैं, बैठते हैं."

पाच-दहा मिनिटांनी काही बिघडत नाही, हे मला चेन्नईत नंतर कळलं. तुम्हाला ते तेव्हाही माहीत असणारच. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबलात.

ह्यांना आयतंच गिऱ्हाईक मिळालं. हे निवृत्त मास्तर, लगेच सुरू झाले: केपटाउनच्या बर्नार्डनी 1967 साली पहिलं हृदय बसवलं, तो रुग्ण अठरा दिवसांनी न्यूमोनियानं गेला. हृदय चालू होतं हो, औषधांनी प्रतिकारशक्तीच उरली नव्हती! पुढल्याच वर्षी मुंबईत केईएमला डॉ. सेन ह्यांनी धाडस केलं, तो रुग्ण काही तासांतच गेला. दिल्लीत एम्सला डॉ. वेणुगोपाल ह्यांना यश आलं ते 1994 मध्ये, आणि माझी गोळी तर जपानच्या मातीतल्या जंतूपासून निघालीय! तुम्ही मान डोलवत होतात, एक डोळा घड्याळावर. सात-पाचला जांभळ्या टोपणाची नळी भरली, लेबलावर निळ्या पेनानं दोन्ही वेळा घातल्यात, कालची आणि आजची. पण निघाला नाहीत. ह्यांनी गोळी गिळलेली बघितलीत, मगच पेटीचं झाकण लावलंत.

तिसऱ्या खेपेला मी ह्यांना "बाही वर घ्या हो" म्हटलं आणि तुम्ही हसलात, "काकू, आधी सांगायचं ना!" दोन खेपा आपण एकमेकांशी हिंदी फाडत होतो. इंदुरात हे असंच चालायचं.

आपल्या शहरात दान केलेला अवयव न्यायला रस्ता मोकळा करतात, तो ग्रीन कॉरिडॉर होतो तेव्हा चौकाचौकांत गाड्या थांबतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतात. मलाही भरून येतं. पण ह्या गोळ्या जन्मभराच्या, आणि दिवस उजाडायच्या आत चहाही न घेता निघालेल्या माणसाचा फोटो कोण काढतो? चांगुलपणा म्हणतात तो बहुतेक असाच, वेळ विचारून लेबलावर लिहिणारा. आमच्या वेळी तो सगळीकडे होता असं हे म्हणतात. मला तसं आठवत नाही. तेव्हाही काउंटरवर अशी माणसं बसलेली असायचीच.

शेवटच्या तपासणीत पातळी जागेवर होती. नाडी बसल्या जागी शहाण्णव, पण ह्या हृदयाची ती अशीच वेगानं चालते म्हणे.

मंगळवारी पुढचा नमुना आहे. ह्या वेळी पोहे खाल्ल्याशिवाय जायचं नाही, वर जिरावण मसाला घालून ठेवते. आणि बेल खुशाल वाजवा, हे पाचलाच उठून बसलेले असतात.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची काकू