काढा नको, तेवढी टेस्ट करून घ्या

ती. आई-बाबा,

फोनवर बोलले असते, पण फोनवर आई रडायला लागते आणि बाबा गुपचूप फोन दादाकडे देतात, म्हणून टाईप करतेय, वहिनी वाचून दाखवेल.

तुम्ही सांगलीला परत ये म्हणताय, आधी तेच सांगून टाकते. मी पुण्यातच राहणार, रूमचं ॲग्रीमेंट रिन्यू केलंय. बाबा, तुम्ही म्हणालात सांगली सिव्हिललाही एचआयव्हीची औषधं देणारं एआरटी सेंटर आहे, फाईल ट्रान्सफर होते, औषध तेच आणि फुकटच. सगळं खरंय. पण तिथल्या लाईनीत गल्लीतलं कोणी ना कोणी भेटणार आणि मग तुम्हाला देवळाच्या पायरीवर चार जणांना उत्तरं देत बसावं लागणार, ह्यांच्या वेळी झालं तेवढं पुरे. आणि खरं सांगू का, मला इथे बरं वाटतं. डब्यात भाकरी असते, गीझर आहे, ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ आहे, रात्री एकटी नसते, रूममेट आहे.

आता रिपोर्टचं. दादाने अर्धवट सांगितलं आणि तुम्ही घाबरलात. एचआयव्ही जुनाच आहे आणि तो दबलेला आहे, व्हायरल लोड टेस्टमध्ये सापडत नाही इतका कमी. नवीन कळलंय ते हिपॅटायटिस बी. दोघांच्या यायच्या वाटा त्याच, रक्त, संबंध, बाळंतपण, त्यामुळे सेंटरवर दोन्ही असलेले माझ्यासारखे आणखी आहेत. दोन्ही एकत्र असले की लिव्हर लवकर खराब व्हायची भीती, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. पण मी रात्री जी एकच गोळी घेते तिच्यात तीन औषधं असतात, त्यातली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन हिपॅटायटिस बी वरही चालतात. म्हणजे कळलं आत्ता, पण औषध आधीपासून पोटात जातंच आहे!

म्हणून आई, गोळी पंधरा दिवस बंद ठेवून काविळीचं औषध घे म्हणतेस ते मी करणार नाही. गोळी थांबली की दबलेला हिपॅटायटिस उसळतो, लिव्हर फेलसुद्धा होऊ शकतं. गुळवेलीचा काढाही नको गं. 2021 ला मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर सुजलेल्या पेशंटचं छापून आणलं, आयुष मंत्रालयाने ते नाकारलं, त्यांचं ते बघून घेतील, माझं लिव्हर मी त्या भांडणात घालणार नाही. बाटली फेकलेली नाही हां, तू एवढं गाळून पाठवलंस.

चौथीत मला कावीळ झाली होती आठवतं? बाबांनी सायकलच्या नळीवर बसवून त्या बुवांकडे नेलं, त्यांनी नाकात थेंब घातले, मी गल्लीभर ऐकू जाईल असं बोंबलले, मग येताना उसाचा रस. आई, तू महिनाभर मऊ भात भरवलास आणि स्वतःही तोच खाल्लास. ती बहुतेक पाण्यातून येणारी कावीळ असणार, आपोआप बरी होते, नाव बुवांचं झालं. ही तसली नाही.

आता कामाचं. दोघांनी आणि दादा-वहिनीनेही एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बी आहे का ते सांगणारी रक्ताची टेस्ट करायची, याच आठवड्यात. आई, लगेच मनात काही आणू नकोस. हा व्हायरस मला ह्यांच्याकडून आला असेल किंवा जन्माच्या वेळी तुझ्याकडून, आता कुणालाच सांगता येणार नाही. आणि तुझ्याकडून आला असला तरी तुला कसं कळणार होतं, 1986 ला आपल्याकडे कोण बाळंतिणीची ही टेस्ट करत होतं आणि बाळाला लस तरी कुठे मिळत होती? टेस्ट तुझ्या लिव्हरसाठी आहे, चौकशीसाठी नाही. निगेटिव्ह आली तर डॉक्टरांना विचारून लस घ्या, तीन डोस, पहिल्यानंतर दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. बाबा, तिसरा टाळायचा नाही, मी तारीख लिहून ठेवणार आहे.

आणि मी आले की ताट वेगळं काढू नकोस. काळजीपोटीच काढतेस, कळतं मला, पण एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने दोन्हीतलं काही होत नाही. ब्लेड, टूथब्रश, नेलकटर मात्र ज्याचं त्याचं. बाबा, दाढीला न्हाव्याला नवीन ब्लेड लावायला सांगत जा, संकोच करू नका.

शेंगदाण्याची चटणी संपलीय, पाठव. आणि बाबा, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी परत बंद केलीत असं वहिनी म्हणाली, आजपासून चालू करा.

तुमची
चिमी