आईचा आवाज आणि बाबांची सुई

प्रिय आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे दोरीला लटकवलेली रजई बघून बाबांनी विचारलं, "भिंत गळतेय का?" गळत नाही. तो माझा स्टुडिओ आहे. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. शिवाय आईकडे एक काम आहे.

वर्षभर झालं, रात्री ऑफिसनंतर घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला, मिक्स करायला आणि त्याला व्हिडिओ जोडायला शिकतोय. नोकरी सोडणार नाहीये, काळजी नको. सामान थोडंच आहे: एक माइक, तो लॅपटॉपला जोडणारा ऑडिओ इंटरफेस आणि वायरचे हेडफोन. आवाजासाठी ऑडॅसिटी वापरतो, ते फुकट आहे. व्हिडिओसाठी दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती मला पुरून उरते. आधी भारीतला माइक घ्यायच्या बेतात होतो. मग कळलं की मी एक शब्द बोललो की माझी रिकामी खोलीच चार बोलते. भिंतीवर आपटून आलेला आवाज एकदा मूळ आवाजात मिसळला की नंतर वेगळा काढणं महाकठीण. रजई तो बराचसा पिऊन टाकते. खर्जाला मात्र ती दाद देत नाही.

पहिल्यांदा स्वतःचा आवाज हेडफोनवर ऐकला आणि तीन दिवस माइकला हात लावला नाही. हा नाकात बोलणारा कोण? मग कारण समजलं. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून येणारा जास्त भरदार असतो. माइकच्या वाट्याला फक्त हवेतला येतो. म्हणजे रेकॉर्डिंगमधला आवाज आपला नाही असं आपल्यालाच तेवढं वाटतं. बाकीच्यांना आपण कायम तसेच ऐकू येत असतो.

आई, तेव्हा मला तुझी ती कॅसेट आठवली. मी शाळेत असताना बाबांनी टेपरेकॉर्डरवर तुझं गाणं घेतलं होतं. तू ते एकदाच ऐकलंस, "शी, किती चिरका!" म्हणालीस, आणि त्यानंतर कुणी कितीही आग्रह केला तरी रेकॉर्डिंगचं नाव काढू दिलं नाहीस. गेल्या खेपेला मी ती कॅसेट न सांगता उचलून आणली. रागावू नकोस. लॅपटॉपवर उतरवून घेतली तर स्क्रीनवर आवाजाच्या लाटा दिसतात ना, त्यात तू तार सप्तकात गेलीस तिथले सगळे माथे चेपलेले. लाटेचा माथा चेपला की मूळ गळ्यात नसलेले वरचे स्वर त्यात घुसतात, आणि कानाला ते चिरके लागतात. गुन्हेगार तुझा गळा नाही. गुन्हेगार बाबा आहेत!

बाबा, तुम्ही टेपरेकॉर्डरवरची आवाजाची पातळी दाखवणारी ती सुई लाल पट्ट्यात नेऊन ठेवायचात आणि वर म्हणायचात, "लालमध्ये गेल्याशिवाय आवाज दणदणीत येत नाही." टेप थोडंफार सांभाळून घेते. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल म्हणजे छत; त्यावर गेलेला आवाज सपाट छाटला जातो. मी गाताना सगळ्यात चढा सूरही उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान ठेवतो. 24 बिटमध्ये, म्हणजे आवाज खूप बारीक पायऱ्यांत मोजून साठवला की, हळू आलेला आवाज नंतर बिनधास्त वाढवता येतो, छाटलेला मात्र गेलाच.

त्याच कॅसेटमध्ये अंतऱ्याच्या आधी मंद्रातला एक छोटा आलाप आहे. तिथे सुई खाली असणार, कारण तिथे तू स्वच्छ ऐकू येतेस. तेवढे वीस-पंचवीस सेकंद मी किती वेळा ऐकले ते विचारू नकोस.

बाबांना एवढं बोललो, तर माझंही सांगतो. पहिला व्हिडिओ केला तेव्हा आवाज माइकवर घेतला आणि चित्र फोनवर. सुरुवातीला ओठ आणि शब्द बरोबर, चौथ्या मिनिटाला शब्द येऊन गेला तरी तोंड उघडंच. एक अख्खा रविवार आवाज इकडून तिकडे ओढत बसलो. फोन सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे चित्रं, घेतो म्हणतो, पण सगळ्या सारख्या अंतराने घेत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. आता आधी फाइलचा फ्रेम रेट एकसारखा करून घेतो आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवतो. टाळीचा आवाज लाटेत टोकासारखा दिसतो, चित्रात हात मिळताना दिसतात. दोन्ही जुळवले की झालं. सिनेमावाले ती पाटी उगाच आपटत नाहीत.

तर आई, काम हे: तोच आलाप पुन्हा गाऊन पाठव. कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून बस, पंखा बंद, फोन तोंडापासून हातभर लांब आणि जरासा बाजूला. तानपुरा दुसऱ्या फोनवर लावून वायरच्या इअरफोनने एकाच कानात घे, म्हणजे तो रेकॉर्डिंगमध्ये उतरणार नाही. मी इथे वेगळा लावीन. पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला सा धरलास ते, कळव. काळी चारच हवी असं नाही, पांढरी पाच केलीस तरी चालेल. सूर सरळ करणारी सॉफ्टवेअर माझ्याकडे आहेत, पण ती एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या मींडेच्या पायऱ्या करून टाकतात, म्हणून तुझ्या गाण्याला लावणार नाही.

बाबा, गाणं सुरू व्हायच्या आधी दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. खोलीची घरघर काढायला मला तिचा नमुना लागतो. आणि फाइल पाठवताना व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' निवडा, नाहीतर वाटेत ती चेपली जाते. एका गाण्याला एकदा चेपलेत तेवढं पुरे.

तुमचाच,
धाकटा